इलेक्ट्रिक टूथब्रश सारखा बंद पडतोय? बॅटरीला दोष देण्याआधी हे बघा

"बॅटरी गेली बहुतेक." इलेक्ट्रिक टूथब्रश दात घासता घासता थांबला की घरात पहिलं वाक्य हेच निघतं. आमच्याकडे गेल्या नऊ वर्षांत चार्ज होणारे तीन ब्रश झाले आणि तिन्ही वेळा मी हेच म्हटलं. त्यात बॅटरी खरंच गेली होती ती एकदाच. एकदा चार्जर जळाला होता, एकदा आत पाणी गेलं होतं. आणि मधल्या काळात निदान चार-पाच वेळा ब्रशला काहीही झालेलं नव्हतं, मीच उगाच त्याला मरणासन्न ठरवून मोकळा झालो होतो.

तेव्हा ज्या क्रमाने मी आता तपासतो त्याच क्रमाने लिहितोय. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

भिंतीवरचं बटण

हसू नका. आमचा सध्याचा ब्रश मध्यंतरी दर आठ-दहा दिवसांनी मान टाकायचा. चार्जिंगच्या स्टँडवर कायम उभा असायचा, तरी. मी सेल बदलायची चौकशीसुद्धा करून आलो. मग एका रात्री पाणी प्यायला उठलो तर बाबा घरातली बटणं बंद करत फिरताना दिसले. गीझर, टीव्ही, मिक्सर आणि ओघाने बेसिनशेजारचं सॉकेटही. सकाळी गीझरचं बटण चालू व्हायचं, शेजारचं तसंच राहायचं. स्टँडला स्वतःचा दिवा नसतो, त्यामुळे त्यात वीज आहे की नाही हे बघून कळत नाही. दोन महिने माझा ब्रश नुसता शोभेला उभा होता.

बटण चालू असेल तर प्लग हलवून बघा. या चार्जरांना बारीक दोन पिना असतात आणि आपल्याकडच्या जुन्या तीन पिनांच्या सॉकेटात त्या डुलतात. हात लागला की संपर्क तुटतो. प्लग गरम लागत असेल किंवा चुरचुर आवाज येत असेल तर ब्रशचं राहू द्या, आधी सॉकेट बदलून घ्या.

जे बिघाड नसतातच

दर ३० सेकंदांनी ब्रश क्षणभर अडखळतो, ते बिघडलंय म्हणून नाही. तोंडाचे चार भाग धरून पुढच्या भागाकडे जा, अशी ती खूण असते. दोन मिनिटांनी बरेच ब्रश आपणहून थांबतात, तेही ठरवूनच. जोरात दाबल्यावर गती मंदावते किंवा लाल दिवा लागतो, तो दाब ओळखणारा सेन्सर. माझ्या एका मित्राने नवा ब्रश "जीवच नाही याच्यात" म्हणून परत करायला काढला होता. तो ब्रश हिरड्यांवर रगडत होता आणि ब्रश बिचारा शहाण्यासारखा हळू होत होता.

फिलिप्सच्या सोनिकेअरच्या बऱ्याच मॉडेलांत पहिल्या १४ वापरांपर्यंत जोर हळूहळू वाढवत नेण्याची सोय असते, सवय व्हावी म्हणून. नवा ब्रश पहिल्या आठवड्यात मिळमिळीत वाटला तर माहितीपुस्तिका बघा. ही सोय चुकून पुन्हा चालू झाली तर जुना ब्रशही एकदम अशक्त वाटू लागतो.

पूर्ण उतरलेला किंवा काही महिने कपाटात पडलेला ब्रश स्टँडवर ठेवला की लगेच दिवा लागेलच असं नाही. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास थांबावं लागतं. शिवाय हे मोबाइलसारखं तासाभरात भरत नाही. पुष्कळ ब्रशांना रिकाम्यापासून भरायला १२ तास लागतात, काहींना त्याहून जास्त. "रात्री लावला आणि सकाळी भरला नव्हता" ही तक्रार होऊ शकत नाही.

आता मोजा

अंदाजाने "कमी टिकतो" म्हणण्यापेक्षा एकदा मोजून टाकलेलं बरं. ब्रश पूर्ण भरा, मग नेहमीसारखा वापरा आणि आरशाच्या कडेला कागद चिकटवून प्रत्येक वापराला एक रेघ ओढा. ब्रश थांबला की रेघा मोजा. दोन मिनिटांची एक फेरी, दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे रोजची चार मिनिटं. खोक्यावर दोन आठवडे लिहिलं असेल तर २८ रेघा यायला हव्यात. नव्या ब्रशला २८ आणि चौथ्या वर्षी १८-२० आल्या, तर ते वय आहे, बिघाड नाही. पाच-सहावर आला असेल तर पुढे वाचा.

रेघा मात्र सगळ्यांच्या धरायच्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला एकदा बोलावून घेतलं, "दोन आठवडे म्हणाला होता दुकानदार, इथे चौथ्या दिवशी बंद." बघतो तर बेसिनवर हँडल एक आणि चार रंगांच्या रिंगांची चार हेडं (वरचा, काढता येणारा घासायचा भाग). माणसं चार, म्हणजे दिवसाला १६ मिनिटं. ५६ मिनिटांची बॅटरी साडेतीन दिवसांतच संपणार. ब्रश अगदी प्रामाणिकपणे चालला होता.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. दोन आठवड्यांनी एकदा चार्ज म्हणजे वर्षाला २६ वेळा. लिथियम आयन सेल साधारण ३०० ते ५०० वेळा भरला-उतरला की त्याची ताकद जाणवण्याइतकी घटते. नुसत्या चार्जिंगच्या हिशेबाने बघितलं तर एकट्या माणसाच्या ब्रशची बॅटरी दहा वर्षं सहज निघावी. तेवढी ती निघत नाही, कारण तिला खातात ते उष्णता, वय आणि रिकामं पडून राहणं. आणि बऱ्याचदा तिच्याआधी ब्रशच दुसऱ्या कशाने तरी जातो.

स्टँड आणि चार्जर

स्टँडमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, हँडलच्या बुडात दुसरं. मधे प्लास्टिक, धातूचा संपर्क कुठेच नाही. म्हणून ते ओलं चालतं. पण अंतर वाढलं की वीज कमी पोचते. स्टँडच्या खुंटीभोवती आणि हँडलच्या बुडाच्या खळग्यात टूथपेस्टचा वाळलेला थर साचला असेल तर हँडल नीट बसत नाही. प्लग काढून, ओल्या फडक्याने आणि कापूस लावलेल्या काडीने तो खळगा साफ करा. स्टँड स्टीलच्या ताटलीत किंवा धातूच्या फळीवर ठेवू नका. वेटोळ्याची वीज त्या धातूलाच तापवत बसते.

तासाभराने हँडलचं बूड किंचित कोमट लागलं तर चार्जिंग होतंय असं समजा. घरात त्याच जातीचा दुसरा ब्रश असेल तर तो त्याच स्टँडवर ठेवून बघा, दोष स्टँडचा की हँडलचा ते तिथल्या तिथे कळतं.

आता माझ्या पहिल्या ब्रशची गोष्ट. आतेबहीण न्यू जर्सीहून आली तेव्हा तिने आणला होता. मी मोठ्या हौसेने पिनेचा अडॅप्टर लावून तो सॉकेटात खोचला. दहा मिनिटांत वास आला आणि खेळ खलास. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पिनेचा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्ट सगळं पचवतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळंच चालतं. ब्रशच्या स्टँडचं तसं नाही. काही चालतात, काही नाहीत. स्टँडच्या तळाशी बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. "१००-२४०" असेल तर बिनधास्त लावा. "११०" किंवा "१००-१३०" असा आकडा दिसला तर नका लावू. जळालेल्या स्टँडसोबत हँडल जातंच असं नाही; त्याच मॉडेलचं आपल्या व्होल्टेजचं स्टँड मिळालं तर ब्रश पुन्हा उठतो. हे मला कळलं तोवर हँडल भंगारात गेलं होतं.

मान: खरं दुखणं इथे आहे

हेड काढा. आज, आत्ता काढा. हेड जिथे बसतं ती धातूची दांडी हँडलमधून बाहेर येते, त्या जागेकडे बघा. राखाडी-काळसर चिकट लगदा दिसला तर तुमचा ब्रश कशाने मरणार आहे ते समजलं.

टूथपेस्ट, लाळ आणि पाणी दांडीवरून खाली उतरून तिथे साचतं. दांडी हलती आहे, त्यामुळे ती जागा कायमची बंद करता येत नाही. एक मऊ रबरी सील पाणी अडवून धरतं. पेस्टमध्ये दात घासण्यासाठीच चुनखडी किंवा सिलिकाची बारीक भुकटी घातलेली असते. ती सीलपाशी वाळते, आणि मग दांडी दिवसातून चार मिनिटं, मिनिटाला हजारो वेळा, त्या वाळूवर हलत राहते. रबर झिजतं, कडक होतं, एक दिवस पाण्याला वाट मिळते. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून घेतलेली चाचणी. ती साध्या पाण्यातली आणि नव्या सीलची. तीन वर्षं पेस्ट खाल्लेल्या सीलबद्दल तो आकडा काही बोलत नाही.

आपल्याकडे यात दोन भर पडतात. एक, बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. नळाच्या तोंडाला जो पांढरा थर चढतो तोच दांडीवर चढतो, आणि तो पेस्टपेक्षा खरखरीत असतो. दुसरी भर मंजनाची. माझा दुसरा ब्रश मंजनाने मारला असं मी खात्रीने म्हणतो, कारण मी स्वतःच ओल्या ब्रशला लाल मंजन लावून घासत होतो. पेस्टने समाधान होत नाही म्हणे! दीड वर्षात ब्रशच्या बटणामागे वाफ धरल्यासारखं दिसायला लागलं. मग एका पहाटे तीन वाजता तो बाथरूममध्ये आपोआप सुरू झाला. बंद करायला बटण दाबलं तर बटण ऐकेना. सकाळी मान उलटी धरून झटकली तर तपकिरी पाण्याचे दोन थेंब पडले.

ही आत पाणी गेल्याची पक्की लक्षणं आहेत: आपोआप सुरू होणं, बटणाला दाद न देणं, दिवे भलतेच लागणं, मानेतून गंजाचं पाणी. असा ब्रश स्टँडवर ठेवू नका. आत बहुधा लिथियमचा सेल असतो आणि ओल्या सर्किटवर त्याला भरत बसण्यात शहाणपणा नाही. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा सल्ला सगळे देतात. मीही चार दिवस पुरला होता. बंद हँडलच्या आतलं पाणी बाहेरचे तांदूळ ओढून घेत नाहीत. फक्त आईची बोलणी पडली. पंख्यासमोर मान खाली करून दोन दिवस ठेवल्यावर एखादा ब्रश उठतोही, पण सील गेलेलंच असतं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच होणार.

त्यामुळे इथे दुरुस्तीपेक्षा सवय कामाची. घासून झालं की हेड काढायचं, दांडी नळाखाली धुवायची, हेड आतून धुवायचं, दांडी पुसायची आणि हेड वेगळं ठेवायचं. हँडल ओलं असताना स्टँडवर उभं केलं की सगळं पाणी ओघळून खळग्यात साचतं, म्हणून आधी पुसायचं. मी तर आता चार्ज होण्यापुरताच स्टँडवर ठेवतो, एरवी आरशाच्या फळीवर आडवा. वीस सेकंदांचं काम आहे आणि पहिले दोन आठवडे अत्यंत कंटाळवाणं वाटतं.

क्षाराचा थर आधीच चढलेला असेल तर कापसाच्या काडीला पांढरं व्हिनेगर लावून तेवढ्या दांडीवर फिरवा, दोन मिनिटांनी धुऊन पुसा. हँडल व्हिनेगरमध्ये बुडवू नका. सुई किंवा टाचणीने लगदा उकरू नका, सीलला भोक पडलं की संपलं. उकळत्या पाण्याने निर्जंतुक करण्याचा उत्साहही आवरा. ब्रश गीझरखालच्या वाफेत ठेवण्यापेक्षा बाहेरच्या बेसिनवर बरा.

आवाज वाढलाय, जोर कमी झालाय

बऱ्याचदा दोष हेडचा असतो. नवं मूळ हेड लावून बघा, किंवा घरातल्या दुसऱ्याचं हेड तात्पुरतं लावून नुसतं ऐका. ऑनलाइन आठ हेडांचं स्वस्त पाकीट मिळतं, त्यातली काही सैल बसतात. मग दांडीचा हेलकावा ब्रिसलपर्यंत पोचण्याऐवजी सैल जागेतच खडखडतो. माझ्या एका पाकिटातली तीन हेडं ठीक होती आणि पाच खुळखुळ्यासारखी वाजायची. हेड आणि हँडल यांच्यात मिलिमीटरभर फट मात्र असतेच, ती दाबून बंद करायला जाऊ नका. हेडाचं आयुष्य तीन महिने धरतात. ब्रिसल त्याआधीच फाकले असतील तर तुम्ही दाबताय.

नवं हेड लावूनही खडखड तशीच असेल तर आतलं काहीतरी सैल झालंय. गोल डोक्याच्या ब्रशात मोटर आणि दांडीमधले सांधे झिजतात, सोनिक (वेगाने थरथरणाऱ्या) ब्रशात दांडी धरून ठेवणारा भाग. वॉरंटी असेल तर हीच ती वापरायची वेळ. बिलाचा फोटो काढून ठेवलेला असू द्या, कारण दोन वर्षांत थर्मल कागदावरची अक्षरं उडून कोरा कागद उरतो. हे मी अनुभवाने सांगतोय, आणि काउंटरवरचा माणूस कोऱ्या कागदाकडे ज्या नजरेने बघतो ती विसरता येत नाही.

पेन्सिल सेलचा ब्रश

आईकडे असा आहे. चार्जिंगची भानगड नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांना हाच सोयीचा. तो बंद पडला तर दोनच शक्यता बघा. सेल उलटा घातलाय, किंवा सेल गळून स्प्रिंगवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड धरलीय. ती पूड अल्कलाइन सेलमधलं क्षारयुक्त रसायन असतं, हाताने चोळू नका. काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग ओल्या कापडाने, मग कोरडं होऊ द्या. झाकणाच्या रबरी रिंगला चीर पडली असेल तर रिंग बदला. गावाला जाताना सेल काढून ठेवला की हे सगळं टळतं.

सेल बदलणं

बटण चालू, स्टँड ठीक, मान कोरडी आणि तरीही पाच रेघांत ब्रश आडवा होतोय, तर सेल गेला. माझ्या तिसऱ्या ब्रशचा पाचव्या वर्षी गेला. एक चूक माझीही होती. मी गावाला जाताना तो उतरलेलाच ठेवून गेलो, दोनदा. जुन्या निकेल सेलच्या ब्रशांना अधूनमधून पूर्ण उतरवायचा सल्ला असायचा आणि तो आपल्या डोक्यात बसलाय. लिथियमच्या सेलला तो उलट बाधतो. महिनाभर वापर नसेल तर अर्धा भरून ठेवा.

हे हँडल स्वतः उघडायच्या आधी सांगतो, कंपनीने ते उघडण्यासाठी केलेलंच नाही. बुडाची टोपी काढल्यावर आतला सांगाडा बाहेर ओढावा लागतो, आणि सेल सर्किटला धातूच्या पट्टीने डागलेला असतो. मी ते पुण्यात बुधवार पेठेतल्या, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीतून सेल आणून मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून करून घेतलं. सेल घेताना तीन गोष्टी जुन्याशी जुळवा: प्रकार, आकार, आणि पट्ट्या. १.२ व्होल्ट लिहिलं असेल तर निकेल, ३.६ किंवा ३.७ असेल तर लिथियम. एकाच्या जागी दुसरा कधीही चालत नाही, भले आकार हुबेहूब पेन्सिल सेलचा असो. सेल पट्ट्या जोडलेलाच मागा. उघड्या लिथियम सेलवर थेट सोल्डर मारायला निघालेल्या माणसाकडून ब्रश परत घ्या आणि दुसरं दुकान गाठा. सेल फुगलेला दिसला तर तो टोचू नका, वाकवू नका.

बदलल्यावर ब्रश २६ रेघांवर आला. पण एकदा उघडलेलं सील पूर्वीसारखं बसत नाही, त्यामुळे तो आता नळाखाली धरत नाही, नुसता पुसतो.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. वाचून मला आनंद झाला होता, मग पुढचं कलम वाचलं. पाण्यात वापरायच्या, धुण्याजोग्या उपकरणांना त्यात सूट देता येते. तिथे बॅटरी तंत्रज्ञाला काढता आली तरी पुरे. म्हणजे ब्रशच्या बाबतीत तपकीर गल्ली काही सुटत नाही.

जुना सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर डब्यातल्या दुसऱ्या धातूला लागून तो तापू शकतो. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला विचारायला लाजू नका. माझा जुना सेल त्या मोबाइलवाल्यानेच ई-कचऱ्याच्या पोत्यात ठेवून घेतला.